हजेरीची चार मिनिटं

तुम्ही दोघी माझे आवाजी निरोप दुप्पट वेगाने ऐकता, हे मला माहीत आहे. तुमच्या आईनेच सांगितलं. "अहो आई, तुम्ही आधी 'मी आजी बोलतेय' म्हणता, मग इथलं ऊन सांगता, मग गुडघा. मुद्द्यावर येईपर्यंत त्यांची बस येते." मला राग आला नाही. दुसऱ्यांचं बोलणं कापून मुद्द्यावर आणायची सवय मलाच आहे, आणि यंदा मी ती सवय कुठवर नेली ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. मी शिकले इंग्रजीत, आणि सोलापुरात मुलींच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवलंही इंग्रजीच. पण ही गोष्ट मराठीत घडली. तीही एका मराठीत नाही, दोन-तीन मराठीत.

माझ्या स्वयंपाकघरातले डबे तुम्हाला आठवत असतील. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि भरल्याची तारीख. लहान असताना तुमच्यापैकी एकीने देव्हाऱ्यातल्या गणपतीलाही चिठ्ठी चिकटवली होती आणि तुमचे आजोबा आठवडाभर हसत होते. ते गेल्यावर घरात पसारा करणारं कुणी उरलं नाही. आवरायलाही काही उरलं नाही. म्हणूनच बहुधा, जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात उभी राहिली, तेव्हा मला इतका आनंद झाला.

"बाई, माझा फोन मेला," ती चपला काढता काढता म्हणाली.

"आधी पाणी पी. मग मेलेल्याचं बघू."

ही माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. वडील टेम्पो चालवायचे, घरात दखनी बोलत, आणि हिचं मराठी वर्गात सगळ्यांत चोख. आता ती मंगळवेढ्याच्या पुढे एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी आणि दोनच शिक्षक. आठवडाभर तिकडे खोली घेऊन राहते आणि रविवारी अम्मीकडे सोलापूरला येते.

फोन मेलेला नव्हता, तुडुंब भरला होता. मी चष्मा लावून बघितलं आणि मला गरगरलं. शिक्षकांच्या गटावरून आलेली गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. त्यांच्या खाली प्रश्नपत्रिका. त्यांच्या खाली कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. मग गणिताच्या फायली, त्यांची नावं 'नवीन', 'नवीन फायनल', 'हेच वापरा' आणि 'आधीचं नको हे'. आणि या सगळ्यात विखुरलेली तिच्या स्वतःच्या आवाजातली कितीतरी रेकॉर्डिंग.

"हे काय?"

"तेच तर खरं काम आहे बाई. बाकी सगळं उडालं तरी चालेल."

मग तिने सांगितलं. तिच्या गावात मेंढपाळांची घरं आहेत. दिवाळी झाली की ती माणसं मेंढरं घेऊन पश्चिमेला, पाण्याच्या मुलखात जातात आणि उन्हाळा संपता संपता परत येतात. पोरंही बरोबर जातात. चौथीतली एक मुलगी अशीच गेली होती. हजेरीपटावर तिचा क्रमांक सात. मी तिला सात नंबरच म्हणणार आहे, कारण मीही तिला बरेच दिवस त्याच नावाने ओळखत होते.

सात नंबर हुशार होती, पण वाचनात अडखळायची, कारण दर वर्षी निम्मी शाळा बुडायची. गावातली शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला शेजारच्या मोठ्या गावात जायचं, तिथे तिची आत्या राहते. माझी विद्यार्थिनी दिवाळीआधी तिच्या आजोबांच्या मागे लागली होती की पोरीला ठेवून जा. म्हातारा ऐकेना. शेवटी त्याने एक करार केला, आणि तो तिने मला त्याच्याच बोलीत ऐकवला.

"मॅडम, पोरगी चांगली हाय, पर कोकरं कोन बघनार? आमी परत आल्यावर तिनं माज्या फुडं पुस्तक वाचलं, तर घाला पाचवीला. आत्याकडं ठिवतो. न्हाय वाचलं, तर पुन्यांदा इचारायला येऊ नका."

"म्हणून तू रेकॉर्ड करतेस?"

"रोज. वर्गात फोन टेबलावर ठेवायचा आणि शिकवायचं. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे, नेट नाही, पण मेमरी कार्ड चालतं. तिचा चुलता तीन-चार आठवड्यांनी पीठमीठ घेऊन जातो, त्याच्याकडे कार्ड भरून देते. पुस्तक तिच्याजवळ आहे. ऐकायचं आणि बोट ठेवून वाचायचं. दोन कार्डं गेली. आता फोनमध्ये जागाच नाही, तर तिसरं कसं भरू?"

मी म्हटलं, फोन इथे ठेवून जा.

"अहो पण बाई, फोनशिवाय मी—"

"तुझ्या अम्मीचा घेऊन जा आठवडाभर. मी अख्ख्या शाळेचं ग्रंथालय लावलं आहे, एक फोन लावता येणार नाही मला?"

तो आठवडा माझा फार सुखाचा गेला. तुमच्या बाबांचा जुना लॅपटॉप काढला. इयत्तेचा एक कप्पा, त्यात विषयाचा, त्यात पाठाचा. एकाच तक्त्याच्या सात प्रती सापडल्या, सहा काढून टाकल्या. कविता वेगळ्या, गणित वेगळं. फुलं आणि सुप्रभात एकदम कचऱ्यात. तुमच्या बाबांनी व्हिडिओवर मला आवाजाची फाईल कापायला शिकवलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. पण तेव्हा ते कळलं नाही. तेव्हा मी त्यांना म्हटलं, "किती सोपं आहे रे! वर्गात असं असतं तर!"

कारण तिची रेकॉर्डिंग ऐकायला बसले तर पहिली चार-पाच मिनिटं धडाच नाही. दाराचा आवाज. "चपला ओळीत." मग हजेरी. "एक नंबर." "हजर मॅडम!" "दोन नंबर." "हजर मॅडम!" मध्येच कुणाची तरी तक्रार, पाच नंबरचा दात हलतो आहे, बारा नंबर आजही उशिरा, कोंबडी आत आली, हाकला तिला. सात नंबरला तर ती नुसतीच थांबायची. मग दोन-तीन पोरं ओरडायची, "मेंढरामागं, मॅडम!" आणि ती पुढे जायची. एवढं सगळं झाल्यावर, "काढा पान नंबर..."

कार्ड जुनं, लहान. प्रत्येक धड्यातली ही मिनिटं काढली तर आणखी कितीतरी धडे बसत होते. मी एकेक फाईल घेतली आणि 'काढा पान नंबर'च्या आधीचं सगळं छाटलं. मधली कोंबडीही काढली. उरला तो स्वच्छ धडा. आणि एकाच गोष्टीच्या दोन प्रती म्हणजे पसाऱ्याचं बी, असं मी वर्गात मुलींना सांगत आले, तेव्हा जुन्या फायली फोनमधूनही पुसल्या आणि लॅपटॉपमधूनही. नवीन फायलींना एकापासून चोवीसपर्यंत आकडे दिले.

पुढच्या रविवारी तिने फोन उघडला आणि डोळे मोठे केले. "बाई, हा माझाच फोन आहे ना?"

मी तिला शेंगाचटणी लावून भाकरी दिली आणि स्वतःला शाबासकी.

पहिला दणका लवकर बसला. चुलता कार्ड देऊन परत आला आणि शाळेत जाऊन म्हणाला, "मॅडम, तुमचा धडा उड्या मारतोय की. एक झाला का धा लागतोय, मग अकरा. दोनचा नंबर पार एकोनिसाच्या मागनं." बटणांच्या फोनला आमची गणती कळत नव्हती, तो एकाच्या पाठोपाठ एकाने सुरू होणारे सगळे आकडे लावायचा. मी एकापासून नऊपर्यंतच्या आकड्यांपुढे शून्य टाकलं आणि चौथ्या कार्डात सगळं सरळ झालं. मला वाटलं, संपलं. अशी चूक मला आवडते, शून्य टाकलं की मिटते.

मार्चमध्ये तिचा फोन आला. आवाज उतरलेला.

"बाई, चुलता आत्ताच जाऊन आला. सात नंबर ऐकतच नाही म्हणे. तिसरं कार्ड थोडं ऐकलं, चौथं तर घातलंच नाही फोनमध्ये. आजोबांच्या चंचीत पडून आहे, पानसुपारीबरोबर."

"का पण?"

"विचारलं तर बोलत नाही. आणि ते मेमध्ये येणार. दोन महिने राहिले फक्त." मग ती म्हणाली, "मी जाऊन बघते. सध्या ते नातेपुत्याच्या बाजूला आहेत."

मी म्हटलं, मीही येते. ती नको नको म्हणत राहिली, ऊन आहे, तुमचा गुडघा. पण चोवीस फायलींवर माझा हात फिरला होता. माझ्या वर्गात एखादी मुलगी ऐकेनाशी झाली की मी तिच्या घरी जायची, हेही तिला माहीत होतं. तिच्याकडे मी एकदा गेले होते.

नातेपुत्याच्या स्टँडवर ती माझ्या आधी येऊन बसली होती. चुलता दुचाकी घेऊन आला, त्याने दोन फेऱ्या केल्या, आधी मला नेलं. ऊस तुटून गेलेल्या एका रानात मेंढरं बसवली होती. अशी मेंढरं बसली की शेताला खत मिळतं आणि शेतकरी त्याचं धान्य देतो. एका बाजूला जाळीच्या कुंपणात कोकरं, तीन दगडांची चूल, लिंबाखाली घोंगडं. घोंगड्यावर सात नंबरचे आजोबा. मी गेले तसे उठून बसले आणि मला घोंगड्यावर जागा दिली. सात नंबरची आजी चुलीपाशी होती. मुलगी कुठे दिसेना.

माझी विद्यार्थिनी पोचली तेव्हा आजीने तिला बघितलं, आणि पाणी द्यायच्याही आधी विचारलं, "मॅडम, त्या पाच नंबरच्या दाताचं काय झालं वं?"

माझ्या विद्यार्थिनीने चकित होऊन माझ्याकडे पाहिलं.

"पडला," ती म्हणाली. "कधीच पडला. का?"

"न्हाय, हालत व्हता ना. म्या म्हनलं, गिळला का काय. आन बारा नंबर? येळंवर येतंय का आता?"

"कशाचं येतंय," आजोबा म्हणाले. "त्याचा बापबी तसाच. लग्नालाबी उशिरा आला व्हता."

कोकरांच्या जाळीमागून कुणीतरी खुदकन हसलं. दोन वेण्या, अंगावर शाळेचा निळा सदरा. मला पाहून परत खाली बसली.

माझ्या विद्यार्थिनीने हळूच विषय काढला. कार्ड का नाही ऐकलं? सात नंबरने एक कोकरू जवळ ओढलं. कोकराच्या कानाशी चाळा. शेवटी आजोबांनीच चंचीतून कार्ड काढलं. त्याला चुना लागला होता. तळहातावर ठेवून ते म्हणाले,

"पैल्या कार्डात शाळा व्हती, मॅडम. ह्यात नुस्तं पुस्तक हाय."

मग त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. पहिली दोन कार्डं हे सगळं बिऱ्हाड ऐकायचं. सकाळी मेंढरं सोडायच्या आधी फोन घोंगड्यावर ठेवायचा. एक नंबर, दोन नंबर. सहापर्यंत पोरगी दम धरून बसायची. मॅडम सातला थांबली की ही मोठ्याने ओरडायची, "हजर, मॅडम!" मग फोनमधली पोरं म्हणायची मेंढरामागं, आणि ही चिडून म्हणायची, हितं हाय की मी. त्यानंतर पुस्तक निघायचं. तिसऱ्या कार्डात फोन लावला तर एकदम 'काढा पान नंबर'.

"तिनं म्हनलं, माजं नाव काडलं शाळंतनं," आजी म्हणाली. "दोन दिस जेवली न्हाय."



"नाही गं, नाही," माझी विद्यार्थिनी घाईघाईने म्हणाली. "फोनमध्ये बिघाड होता. फोन खराब झाला होता माझा."

ती माझ्यासाठी खोटं बोलत होती. शेवटच्या बाकावरून शेजारणीला वाचवायला बोलायची तसंच. मी म्हटलं, "बिघाड नव्हता. मी कापलं. मला वाटलं, ते उगाच आहे."

आजोबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमीबी शिकवायला व्हता का, आक्का?"

"हो. पुष्कळ वर्षं."

"मग तुमाला म्या काय सांगावं. पर लोकर कातरायची आसती, कातडं न्हाय."

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ शेरे मिळाले, तपासणीत मिळाले, मुख्याध्यापिकांकडून मिळाले. इतका अचूक एकही नव्हता. मला हसू आलं. मी सात नंबरकडे वळून म्हटलं, "चूक माझी. तुझा नंबर पटावर आहे. मी पाहिला आहे."  थोड्या वेळाने तिने एक कोकरू उचलून आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवून गेली. ते बॅगेचा पट्टा चावत बसलं. आजीने आम्हाला चुलीवरची भाकरी आणि ठेचा दिला. माझ्या विद्यार्थिनीने तिथल्या तिथे हजेरी घेतली, तिला सगळा वर्ग पाठ होता. सातला थांबली. "हजर, मॅडम," अगदी बारीक आवाजात आलं.

"ऐकू नाही आलं."

"हजर, मॅडम!" या वेळी मेंढरांनी माना वळवल्या.

जुन्या फायली परत आणता येत नव्हत्या. मी परतल्यावर तुमच्या बाबांना दोनदा विचारलं, कुठे कचऱ्यात शिल्लक असतील का? नव्हत्या. कचराही मीच रिकामा केला होता, मी अर्धवट काम करत नाही. मग माझी विद्यार्थिनी म्हणाली, "जाऊ द्या बाई, जुना दात जुना झाला. नवीन रेकॉर्ड करते." पोरांना काय झालं ते तिने सांगितलं, आणि पोरांनी मनावर घेतलं. पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये सात नंबरला ती थांबली, तेव्हा वर्ग गप्प. एवढा गप्प की बाहेरचा हातपंप ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "बरं. आठ नंबर." त्या गप्प जागेत रानात कुणीतरी ओरडणार आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. बारा नंबर त्या दिवशी वेळेवर आला होता, आणि त्याने तसं मुद्दाम फोनजवळ येऊन सांगितलं.

माझे चोवीस धडे फुकट गेले नाहीत. आधी हजेरी, मग 'काढा पान नंबर', असं आम्ही जोडलं. एका कार्डात धडे कमी बसले. बसू दे म्हटलं.

याच काळात आसपासच्या शाळांतल्या चार-पाच शिक्षकांनी तिच्याकडे तो साठा मागितला. त्यांचीही पोरं मेंढरांमागे, कुणाची ऊसतोडीला. तिने माझ्यापुढे फोन ठेवला. "तुम्हीच लावा बाई. इंटरनेटवर एका जागी ठेवू, ज्याला हवं त्याने घ्यावं." मी तीन दिवस बसून लावलं. इयत्ता, विषय, पाठ, सगळं जागेवर, नावं मराठीत आणि शोधली की सापडतील अशी. पण प्रत्येक पाठाच्या कप्प्यात पहिली जागा रिकामी ठेवली. तिचं नाव दिलं, '०० – इथे तुमच्या वर्गाची हजेरी'. एका शिक्षकाचा मला फोन आला, "मॅडम, शून्य-शून्य उघडत नाही, फाईल खराब आहे वाटतं." मी म्हटलं, खराब नाही, ती तुम्ही भरायची आहे. धडा तिचा चालेल, हजेरी तिची चालणार नाही. ते म्हणाले, "आमच्याकडे वर्ग सुरू व्हायला फार गोंधळ असतो हो." मी म्हटलं, तोच पाठवा.

मेच्या शेवटी बिऱ्हाड गावात आलं. शाळेला सुट्टी होती, पण माझ्या विद्यार्थिनीने व्हरांडा झाडून ठेवला आणि मला बोलावलं. आजोबा फेटा बांधून आले. भिंतीला टेकून बसले, काठी बाजूला. सात नंबर पुस्तक घेऊन उभी राहिली. दोन महिन्यांत किती जमलं असेल, आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

तिने पुस्तकातला धडा सुरू केला. चांगली चालली होती. मध्ये एका शब्दावर अडली, तेवढ्यात आजोबांनी शब्द सांगितला. पुढे पुन्हा अडली, पुन्हा आजोबा. त्यांना अक्षरओळख नाही, पण ऐकून ऐकून सगळा धडा तोंडपाठ.

"अहो आबा, परीक्षा तिची आहे!" माझी विद्यार्थिनी म्हणाली.

"मग आडतीया कशाला? किती येळा ऐकलंय आमी त्ये!"

पण तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली. आजोबांना पाठ आहे तर तिलाही पाठ असेल. हे वाचन म्हणायचं का? मी माझ्या विद्यार्थिनीकडे पाहिलं, तिच्याही डोळ्यांत तेच. गप्प राहिलो असतो तर पोरगी पाचवीला गेली असती. पण म्हातारा करार पाळणारा होता, आणि आम्ही दोघी शिक्षिका होतो.

ती आत गेली आणि कपाटातून गोष्टीचं एक पातळ पुस्तक घेऊन आली. ते कुठल्याच कार्डात नव्हतं. "हे वाच."

सात नंबरने पुस्तक हातात घेतलं. पहिलं वाक्य तिने मनातच वाचलं, ओठ हलताना दिसले. मग बोट ठेवून मोठ्याने. विहिरीत पडलेल्या बादलीची साधी गोष्ट होती. हळू, शब्दाला शब्द चिकटवत. जोडाक्षरावर थांबली. आजोबा पुढे झुकले, तोंड उघडलं, आणि सांगण्यासारखं त्यांच्याकडे काहीच नाही हे त्यांच्या लक्षात आलं. ते परत मागे टेकले. तिने ते अक्षर एकदा चुकीचं म्हटलं, मान हलवली, मग बरोबर म्हटलं. एका पानाला तिला पुष्कळ वेळ लागला. घाम आला होता. पण पान संपलं, आणि ती न सांगता पुढचं उलटायला लागली.

"ऱ्हाऊ दे," आजोबा म्हणाले. "बादली निघती का न्हाय, त्ये घरी सांग." मग आमच्याकडे वळून, "घाला पाचवीला. पर कार्ड बंद करायचं न्हाय. आमाला कराय काय ऱ्हातंय मग दिसभर?"

जूनमध्ये सात नंबर आत्याकडे राहायला गेली. पाचवीत तिचा नंबर एकोणतीस आहे. जुन्या वर्गात आता सात नंबर दुसऱ्याच कुणाचा आहे, आणि दिवाळीनंतर निघालेल्या बिऱ्हाडाने पहिल्याच कार्डावर तक्रार पाठवली की ह्यो कोन सात, आमाला वळखू येत न्हाय.

म्हणून त्या कार्डात आता आणखी एक फाईल जाते. ती एकोणतीस नंबर स्वतः भरते, माझी विद्यार्थिनी फोन धरते. पहिली फाईल तिने मलाही पाठवली, आणि ती मी या पत्राबरोबर तुम्हाला पाठवते आहे. ती बादलीची पूर्ण गोष्ट वाचते, शेवटपर्यंत. पण त्याआधी हजेरी आहे. "आबा." थांबते. "आज्जी." थांबते. "काका." थांबते. मग कुत्र्याचं नाव, आणि तिथे सगळ्यांत जास्त वेळ थांबते, कारण तो लवकर येत नाही.

मागे आत्याची भांडी वाजतात, कुणीतरी दार लावतं. मी काही कापलेलं नाही. तुम्हालाही एक सांगते. मध्ये आवाज बंद पडला असं वाटेल, फाईल खराब आहे असं वाटेल. तशी ती नाही. हवं तर माझे निरोप दुप्पट वेगाने ऐका, पण ही फाईल साध्या वेगानेच ऐका.